पाठकोऱ्या पत्रकांचा फेब्रुवारी

गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला आणि त्यावरचा भोंगा खरखरला, की अजूनही मी हातातलं काम सोडून कान देते. यंदा निवडणूक ऐन थंडीत आली. सकाळी नळावर बाया मफलर गुंडाळून उभ्या, कोपऱ्यावर शेकोटी पेटलेली, आणि त्या धुरातून तो आवाज चालत येतो : बंधू-भगिनींनो, आपल्या प्रभागाच्या विकासासाठी... मधली कित्येक वर्षं महापालिकेची निवडणूकच झाली नव्हती. वाटलं होतं, आपल्याला आता काही होणार नाही. पण चहाचा कप तसाच हातात राहिला आणि मी मागच्या निवडणुकीच्या फेब्रुवारीत जाऊन पोचले.

नागपूरचा फेब्रुवारी कोणाच्याच बाजूचा नसतो. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी तोच कमरेला बांधून फिरावं लागतं. उमरेडच्या रस्त्याला लागलं की पळस पेटलेला दिसतो आणि शहरात मात्र झाडं पानं गाळत असतात. त्या वर्षी गळलेल्या पानांवर पत्रकं पडत होती. पिवळी, गुलाबी, चकचकीत. झाडणाऱ्या बाया दोन्हींचा एकच ढीग करत. प्रचार कार्यालयांसमोर तर्री-पोह्यांची पातेली चढलेली असत. एकाच ठेल्यावर दोन पक्षांची पोरं खांद्याला खांदा लावून तर्री ओरपत, आणि रस्त्यावर आली की एकमेकांना ओळखत नसत. जुन्या नोटांच्या रांगा नुकत्याच ओसरल्या होत्या. माणसं आधीच चिडलेली होती, निवडणुकीने त्यांना फक्त झेंडे दिले.

आमचं घर इतवारीच्या पलीकडच्या विणकर वस्तीतलं. माग माझ्या जन्माआधीच घरातून गेला होता. बाबा एका गिरणीत लागले, पण विणकरांसाठी पत्रकं लिहिणं त्यांनी सोडलं नाही. पूर्वी सुताला लावायची खळ ज्या पातेल्यात शिजायची, त्याच पातेल्यात माझ्या लहानपणी भिंतीवर पत्रकं चिकटवायची खळ शिजे. ती नासली की घरभर आंबूस वास सुटायचा. मला जोडाक्षरं आली ती ‘अन्याय’ आणि ‘हक्क’ या शब्दांतून. उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी कळलं. उरलेली पत्रकं बाबा सुतळीने बांधून माळ्यावर टाकत, आणि वही संपली की त्यातला एक गठ्ठा माझ्यासाठी खाली येई. पत्रकं पाठकोरी असतात. पुढच्या बाजूला ‘जागे व्हा’ आणि मागे माझे पाढे, माझी चित्रं, माझे पहिले निबंध. मी लिहायला लागले ती अशी, कुणाच्या तरी आरोळीच्या पाठीवर.

त्यामुळे मी ‘दुसरी बाजू’ नावाच्या त्या ऑनलाइन गटात शिरले, हे माझ्या स्वभावाच्या उलटच म्हणायचं. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. गटात शहरभरचे अनोळखी लोक राजकारण, निवडणूक, धंदापाणी यांवर वाद घालत. नाव खरं असलंच पाहिजे अशी अट नव्हती; मी मात्र माझं खरंच ठेवलं होतं. शिवी दिली की बाहेर. पण खरा नियम वेगळाच होता. कुणाचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी तेच म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं. तेही लंगडं करून नाही, जोरकस. ज्याचं ते म्हणणं, त्याने ‘हो, हेच’ असं लिहिलं की मगच आपलं उत्तर. जुने शास्त्री पूर्वपक्ष मांडत, तसलंच काहीसं. पहिल्या आठवड्यात मला हा नियम म्हणजे दाताच्या दवाखान्यातली खुर्ची वाटला. तोंड उघडं, आणि बोलता काही येत नाही.

तिथे माझं सगळ्यात जास्त भांडण ज्याच्याशी झालं, त्याने आपलं नाव ‘दुकानदार’ एवढंच ठेवलं होतं. खिळे, कड्या, नळाच्या तोट्या विकतो असं सांगे. कोणत्या चौकात, ते सांगत नसे. नोटाबंदीवर आम्ही आधीच भांडून घेतलं होतं. आता विषय आमच्याच भागातल्या आठवडी बाजाराचा होता. एक उमेदवार म्हणत होता, बाजाराच्या मैदानावर पक्कं व्यापारी संकुल बांधू. आमच्या वस्तीचे अपक्ष उमेदवार वसंतभाऊ म्हणत होते, मैदान बाजाराचंच राहील. बाबा वसंतभाऊंची पत्रकं लिहीत होते आणि दारोदार वाटतही होते. दुकानदार संकुलाच्या बाजूचा. त्याला तिथे गाळा हवा होता आणि तो ते लपवत नव्हता.

‘ताई,’ त्याने लिहिलं, ‘तुम्ही बाजारात भाजी घ्याले जाता अन् घरी येता. पावसात तिथं बसून पहा एक दिवस. मंग सांगा मले, मैदान काहून पाहिजे.’

माझी बोटं शिवशिवली. पण नियम होता. मी त्याची बाजू लिहायला बसले, आणि इथे माझं पत्रकांचं रक्त उसळलं. मला मिळमिळीत लिहिता येतच नाही. मी लिहिलं : ‘पावसाळ्यात गुडघाभर चिखलात बसून भाजी विकणं ही आपली परंपरा नाही, ती आपली लाज आहे. जिच्या डोक्यावर पत्रा नाही, जिला दिवसभर संडासाला जायला जागा नाही, तिच्या नावाने ‘बाजार वाचवा’ ओरडणारे तिचा चिखल वाचवत आहेत. पक्कं संकुल उभं राहू द्या!’

दुकानदाराचं उत्तर लगेच आलं. ‘हो, हेच. माह्यापेक्षा बरं लिवलं तुम्ही. आता याले उत्तर काय देता, मलेच भेव वाटून राहिलं.’

उत्तर मी दिलं. लांबलचक दिलं. टोपली घेऊन येणारीला गाळ्याची अनामत कधीच भरता येणार नाही, म्हणून पत्रा मागा, संडास मागा, पण जमीन सोडू नका. ते लिहून मी मोबाईल बाजूला ठेवला तेव्हा मला फार बरं वाटत होतं. समोरच्याला पूर्ण उंचीचा उभा करून मग त्याच्याशी झुंजले होते. बाबांच्या कोणत्याच पत्रकात मला हे सुख मिळालं नव्हतं.

दोन-चार दिवसांनी सकाळी वर्तमानपत्राच्या घडीतून एक पिवळा कागद खाली पडला.

बाबा पत्रक वाचतात ते खालून वर. आधी कायद्याने लागणारं मुद्रकाचं नाव पाहतात, मग मजकूर. त्यांनी कागद उचलला, खाली पाहिलं. ‘मुद्रकाचं नाव नाई,’ ते म्हणाले. मग त्यांची नजर वर सरकली आणि थांबली. मजकुराखाली माझं नाव होतं. जाड ठशात, संपूर्ण, आणि खाली ‘विणकरांची लेक’. वर माझा तो परिच्छेद, शेवटच्या उद्गारचिन्हासकट. उत्तराचा एक शब्दही नाही.

आई स्वयंपाकघरातून विचारत होती, काय झालं म्हणून. बाबांनी कागद माझ्यापुढे धरला.

‘हे शब्द तुहे आहेत का?’

‘शब्द माझे आहेत बाबा. म्हणणं माझं नाही.’

‘शब्द तुहे अन् म्हणणं दुसऱ्याचं,’ बाबा म्हणाले. ‘हे कोणतं लिहिणं होय वं?’

मी गटाचा नियम सांगायला लागले. मोबाईल काढून खालचं उत्तर दाखवायला लागले. त्यांनी चष्मा काढून ठेवला होता. त्यांनी आयुष्यात एकाही पत्रकावर स्वतःचं नाव घातलं नव्हतं. नाव घातलं की म्हणणं मागे पडतं आणि माणूस पुढे येतो, असं ते म्हणत. आणि आता अख्ख्या वस्तीत घराघरात आमचं नाव पडलं होतं, दुसऱ्यांच्या कागदावर. प्रचार संपायच्या संध्याकाळी बाजाराच्या मैदानावर वसंतभाऊंची कोपरा सभा होती आणि तिथे बाबा बोलणार होते. टोपलीवाल्या बाया बाबांचं ऐकत, कारण बाबांनी त्यांना कधी फसवलं नव्हतं. आता त्या विचारणार होत्या, तुमच्या घरातच असं, मग आम्ही काय ऐकायचं?

विचारायला त्या सभेपर्यंत थांबल्याही नाहीत. मी बाजारात गेले. सुमनमावशी मला लहानपणापासून भाजी देते. मी वांग्यांना हात लावला तर तिने टोपलीच मागे ओढली.

‘नको घेऊ. तुले आता गाळ्यातूनच घ्या लागन ना भाजी.’

‘मावशी, ते अर्धंच छापलंय. पुढचं...’

‘अर्धं तं अर्धं. तेवढं तं तूच लिवलं ना? चिखलात बसतो आम्ही, लाज हाय आमची. चांगलं नाव ठेवलं वं पोरी.’ शेजारची कांदेवाली हसली. ‘तिले चिखल लागन, सरकू दे,’ ती म्हणाली. मी रिकामी पिशवी घेऊन परतले. ऊन अजून चटका देत नव्हतं, तरी कानशिलं भाजत होती.

त्या दिवसांत भांडण दोन्हीकडून आलं. गटात लोक दुकानदारावर तुटून पडले. यानेच कापून दिलं, याचाच फायदा, याचं नाव शोधा. एकाने तर लिहिलं, तोट्या विकणारी दुकानं आपल्या भागात आहेतच किती, शोधून काढू, मग बघू याचा गल्ला. ते वाचून मला पहिल्यांदा बरं वाटलं, आणि पाठोपाठ अंगावर काटा आला. कारण उद्या त्याच्या शटरसमोर जी गर्दी उभी राहिली असती, ती माझ्या नावाने उभी राहिली असती.

मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, तुम्ही दिलंत का?

‘नाई दिलं,’ त्याने लिहिलं. ‘पन मले फायदा होऊन राहिला हे खोटं कसं बोलू? तुम्ही म्हणान नाव सांगा, सभेत येऊन बोला का उत्तर कापलं म्हणून. मी आलो तं व्यापारी मंडळवाले गाळ्याच्या यादीतून माहं नावच काढून टाकतीन. घरी तीन तोंडं खाणारी. मी नाई येनार ताई. शिव्या द्याच्या तं द्या.’

मला त्याला भेकड म्हणायचं होतं. शब्द टाइप झालाही होता. पण त्याआधी त्याची बाजू मांडायची होती, नियमच तो. मी मांडली. ज्याने नाव न सांगण्याच्या अटीवर आपल्याशी बोलणं सुरू केलं, त्याला संकटात नाव सांगायला लावणं म्हणजे अट मोडणं. आणि त्याचं दुकान हुडकणं म्हणजे वाद हरल्याची कबुली. लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं. ‘भेकड’ हा शब्द मी पुसला. त्याच्यावर दया येऊन नव्हे. तो शब्द त्या परिच्छेदाखाली टिकतच नव्हता.

सभ्यपणे वाद घालणं म्हणजे आवाज खाली ठेवणं, असं पुष्कळांना वाटतं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. आवाज खाली ठेवून माणसं किती विषारी बोलू शकतात ते कार्यालयांमधून, लग्नांमधून पाहिलं आहे. माझा आवाज कधीच खाली नव्हता. मी रागातच त्याची बाजू लिहिली आहे. समोरच्याचं म्हणणं त्याने स्वतः सांगितलं असतं त्याहून पडकं करून सांगायचं नाही, एवढंच मला त्या फेब्रुवारीत सांभाळायचं होतं, आणि ते सांभाळताना हात भाजत होते.

सभेच्या आधी वसंतभाऊ घरी आले. पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, घसा बसलेला. बाबांसमोरच मला म्हणाले, ‘बेटा, माइकवर एकच वाक्य बोल. हे माझं नाही, माझ्या नावावर खोटं छापलं. बस. खतम.’

‘पण लिहिलंय मीच.’

‘अरे कोणाले माहीत आहे? मुद्रकाचं नाव नाई त्याच्यावर. कागदच खोटा आहे तं त्याच्यातलं खरं कायले सांगत बसतं?’

मी बाबांकडे पाहिलं. बाबांची अब्रू त्या एका वाक्यावर होती आणि ते वाक्य बोलायला मला अर्धा श्वासही लागला नसता. त्यांनी ‘बोल’ म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे. ते म्हणाले, ‘तिचं तोंड आहे वसंता. मी त्यात शब्द नाई घालत.’ आणि चपला घालून पुढे निघाले.

मैदानात दोन तखत जोडून मंच केला होता. ऊन उतरलं होतं, कडेच्या झाडांवर पोपटांचा गलका चालला होता, कोणीतरी दिव्यांची माळ लावून पाहत होतं. पुढे टोपल्या बाजूला सारून बाया बसल्या होत्या. सुमनमावशी दुसऱ्या ओळीत, हात घडी घालून. बाबा बोलले ते नेहमीसारखं, थोडक्यात. मग त्यांनी माइक माझ्या हातात दिला.

मी तो पिवळा कागद उघडला आणि म्हटलं, ‘हे मी लिहिलं आहे.’

‘घ्या! कबूल झाली!’ मागून कोणीतरी ओरडलं. वसंतभाऊंनी कपाळाला हात लावला. मी कागद पूर्ण वाचला, उद्गारचिन्हासकट, तितक्याच जोरात. चिखल, लाज, संडास, सगळं. बाया उठायला लागल्या. सुमनमावशी उठली. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे न बघता चालायला लागली. मी म्हणत होते, ‘थांबा, आता याचं उत्तर ऐका’, आणि त्याच वेळी समोरच्या पक्षाचा ऑटो मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला आणि त्याचा भोंगा सुटला. माझा आवाज मलाच ऐकू येईना.

बाबा मंचावरून उतरले. गर्दीतून वाट काढत ते ऑटोपर्यंत गेले, वाकून ड्रायव्हरशी काहीतरी बोलले, आणि भोंगा बंद झाला. मग मी मोबाईलवरून माझं उत्तर सगळं वाचलं. ऐकायला निम्मं मैदान उरलं होतं. टाळ्या फारशा पडल्या नाहीत. एक म्हातारा मात्र बसल्या जागेवरून म्हणाला, ‘पत्रा कोन देईन मंग? हे सांग.’ आणि त्यावर खरीखुरी बाचाबाची सुरू झाली, जी वसंतभाऊंना नको होती.

घरी जाताना मी बाबांना विचारलं, ऑटोवाल्याला काय सांगितलंत?

‘म्हटलं बाबू, तुमचंच पत्रक वाचून राहिली पोरगी, जरा ऐकू तं दे.’

मला हसू फुटलं. ते हसले नाहीत. आम्ही रस्ता ओलांडला. मग ते म्हणाले, ‘सभा पाडली तू. पहिले त्याईचं सांगतलं, अर्धे लोक तिथंच उठले. पत्रकात असं नाई चालत.’ गल्लीत वळताना पुढे म्हणाले, ‘पन जे बसले, त्याईनं ताकदीचं भांडण केलं. माह्या सभेत कधी कोणी विचारलं नाई, पत्रा कोन देईन म्हणून.’

दुसऱ्या दिवशी गटात दुकानदाराची ओळ होती. ‘आमच्या मंडळाच्या ग्रुपवर मी तुमचं पुरं टाकलं, खालच्या उत्तरासकट. सांगतलं का कापलेलं वाचू नका. मले काढून टाकलं ग्रुपमधून.’ बस्स, एवढंच. पुढे नोटांवर, करांवर आम्ही भांडत राहिलो. मी त्याला आजवर पाहिलेलं नाही. तोटी घ्यायला कुठल्याही दुकानात शिरले, की काउंटरवरच्या माणसाच्या तोंडाकडे मात्र जरा जास्त वेळ बघते.

वसंतभाऊ हरले. काही लोक म्हणतात, माझ्यामुळे. असेल. संकुलही झालं नाही. मैदानाला पत्र्याचं कुंपण पडलं, आत गाजरगवत कमरेएवढं वाढलं, आणि बाजार कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला सरकला. दोन्ही बाजूंनी मागितलेलं कोणालाच मिळालं नाही. पत्रा तेवढा आला, पण कोणाच्या डोक्यावर नाही. हे लिहिताना मला अजूनही चीड येते.

आणि आता पुन्हा भोंगे. पुन्हा संकुल, या वेळी वाहनतळासकट. काल दुकानदाराने लिहिलं, ‘ताई, सुरू कराचं काय?’ मी अजून उत्तर दिलेलं नाही. माझं नाव पुन्हा कुठल्या कागदावर पडेल, बाबा आता थकलेत, त्यांना पुन्हा कुणाच्या ऑटोपुढे जायला लागेल. धाडस एकदा केलं म्हणजे दुसऱ्यांदा सोपं जातं, असं म्हणणाऱ्याने बहुधा एकदाच केलेलं असतं.

आज सकाळी थंडीत बाजारात गेले. सुमनमावशी रस्त्याच्या कडेला, पाठ त्या पत्र्याला टेकवून. त्या निवडणुकीनंतर काही महिन्यांनी ती मला पुन्हा भाजी द्यायला लागली, पण इतरांच्या पिशवीत वरून चार मिरच्या, मूठभर कोथिंबीर टाकते, तसं माझ्या पिशवीत कधी टाकत नाही. काटा सरळ, व्यवहार सरळ. वांगी तोलता तोलता ती म्हणाली,

‘काहून वं, यंदा त्याईच्या बाजूनं काय लिवून राहिली?’

‘अजून काही नाही लिहिलं मावशी.’

‘मंग मले सांग ना पहिले. त्याईचं सांग, अन् मंग तुहं.’

माझ्या मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी होती. एकजण पिशवी झटकत होता. मी म्हटलं, ‘लोक थांबलेत मावशी. लांबेल ते.’

तिने तराजू खाली ठेवला, पोतं जरा सरकवून मला बसायला जागा केली.

‘थांबू दे. मागच्या टायमाले मी अर्ध्यातूनच उठून गेली होती.’